चाळलेली चिल्लर परत भरण्याबाबत बँकांच्या शाखांना खुले पत्र

प्रति,
शाखा व्यवस्थापक, रोखपाल आणि करन्सी चेस्टचे अधिकारी,
महाराष्ट्रातील सर्व बँका

विषय: चाळून झालेली नाणी परत भरताना होणारी अडवणूक आणि त्यावरचा तोडगा

स. न. वि. वि.

आम्ही नाणी जमवणारी माणसं. तुमच्या काउंटरवरून किंवा नाणेमेळ्यातून सुट्टी नाणी घेतो, घरी चाळतो, हवी ती ठेवतो आणि बाकीची परत आणतो. वर्षाच्या आकड्याखाली चौकट असेल तर मुंबईची टांकसाळ, तारा असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता. एखाद्या वर्षाचं एखाद्या टांकसाळीचं नाणं हाताला लागत नाही, त्याच्या मागे आम्ही असतो. शिवाय स्मारक नाणी असतात: 1999 चा संत ज्ञानेश्वरांचा रुपया, त्याच वर्षीचं शिवछत्रपतींचं दोनाचं नाणं, 2007 चं लोकमान्य टिळकांचं पाचाचं. छपाई सरकलेलं एखादं निघालं तर सोन्याहून पिवळं. पण ढिगातून ठेवण्याजोगं निघतं मूठभर. उरलेली सगळी चिल्लर चलनात परत जायला हवी, आणि ती घेऊन आम्ही खिडकीशी आलो की कुरबुर सुरू होते.

अमेरिकेत हाच छंद कागदी गुंडाळ्यांवर चालतो. तिथे बँक 40 क्वार्टरची, म्हणजे पाव डॉलरच्या नाण्यांची, दहा डॉलरची गुंडाळी देते आणि शौकीन मंडळी अशा 50 गुंडाळ्यांची पेटीच उचलतात. नाणी घ्यायची बँक एक आणि परत टाकायची बँक दुसरी, असा त्यांचा शिरस्ता. घेणाऱ्या शाखेशी संबंध बिघडू नयेत म्हणून केलेली ही तजवीज. आपल्याकडे तिची नक्कल करू नये असं आमचं मत आहे. जिथून नाणी घेतली तिथेच ती परत नेली तर निदान हिशेब एका ठिकाणी राहतो आणि रोखपाल आपल्याला ओळखत असतो.

आधी तुमची बाजू. ती आम्हाला माहीत नाही असं समजू नका. शाखेला हातात किती रोकड ठेवायची याची मर्यादा असते आणि नाण्यांची पोती त्या मर्यादेत धरली जातात. जागा अडते, विम्याचा प्रश्न येतो. दिवसअखेर रोकड कमी भरली तर भुर्दंड रोखपालाच्या खिशाला. हजार नाणी हाताने मोजायची म्हटलं तर रांग दारापर्यंत जाते आणि शिव्या खिडकीतल्या माणसाला पडतात. त्यात प्रोत्साहन रकमेचं गणित उलटं बसवलेलं आहे. नाणी वाटल्याबद्दल रिझर्व्ह बँक करन्सी चेस्टला, म्हणजे तिच्या वतीने नोटा-नाणी साठवणाऱ्या बँकेतल्या तिजोरीला, पूर्वी पोत्यामागे 25 रुपये द्यायची, 1 सप्टेंबर 2021 पासून 65 रुपये देते, ग्रामीण आणि निमशहरी भागात वर आणखी 10. पण ही रक्कम मिळते ती चेस्टमधून निव्वळ किती नाणी बाहेर पडली त्यावर. म्हणजे परत आलेलं पोतं चेस्टच्या दृष्टीने वजाबाकीच. तेव्हा शाखा कां कूं करते ती निव्वळ आळसापायी नव्हे, हे आम्हाला मान्य.

आता नियम. खिडकीवर हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे "दिवसाला हजाराच्या वर चिल्लर घेता येत नाही, कायदाच आहे." कायदा आहे, पण तो वेगळ्या गोष्टीचा. 2011 च्या नाणे अधिनियमात म्हटलंय की एक रुपया आणि त्यावरची नाणी हजार रुपयांपर्यंत वैध चलन, आणि अर्ध्या रुपयाचं नाणं दहा रुपयांपर्यंत. म्हणजे देणं फेडताना समोरच्याने हजारापर्यंतची नाणी नाकारायची नाहीत. खात्यात भरणा करण्यावरची ही मर्यादा नाही. ग्राहकाने बँकेत नाणी भरण्याला मर्यादा नाही आणि बँका कितीही नाणी स्वीकारू शकतात, असं रिझर्व्ह बँकेने आपल्या प्रश्नोत्तरांत स्वच्छ सांगितलंय. 15 फेब्रुवारी 2018 च्या परिपत्रकात तर सर्व मूल्यांची नाणी, बदलून द्यायला असोत वा खात्यात भरायला, काउंटरवर घ्यावीत असं सर्व शाखांना कळवायला सांगितलं होतं. रिझर्व्ह बँकेच्याच सूचनांत पुढची वाटही आहे: नाणी, विशेषतः एक आणि दोन रुपयांची, वजनावर घ्यावीत, आणि शंभर-शंभर नाणी प्लास्टिकच्या पिशवीत भरून घेतली तर रोखपाल आणि ग्राहक दोघांनाही सोयीचं.

"स्वीकारू शकतात" आणि "स्वीकारलंच पाहिजे" यांत अंतर आहे, तेही आम्ही जाणतो. कोणी टेम्पो भरून चिल्लर आणली तर शाखेने "आज एवढी, उरलेली परवा" म्हणणं रास्तच. आमची तक्रार सरसकट नकाराची आहे.

वजनावर घ्या म्हणणं सोपं. खरा घोळ तिथेच आहे, आणि या पत्राचं मूळही तेच. आपल्या नाण्यांचे आकार आणि वजनं इतक्या वेळा बदललीत की नुसता काटा किंवा नुसतं यंत्र लावलं तर दोघंही फसवतात.

1992 पासून 2011 च्या आधीपर्यंतचा स्टीलचा रुपया घ्या: व्यास 25 मिलिमीटर, वजन 4.85 ग्रॅम. आता 2011 च्या मालिकेतलं दोनाचं नाणं घ्या: तेही स्टीलचं, व्यास 25 मिलिमीटर, वजन 4.85 ग्रॅम. जुन्या शंभर रुपयांची पिशवी 485 ग्रॅम आणि नव्या दोनाच्या शंभर नाण्यांची पिशवीही 485 ग्रॅम. एकीत शंभर रुपये, दुसरीत दोनशे, आणि काट्याला फरक शून्य. एक पायरी खाली हाच प्रकार: पन्नास पैशांचं जुनं स्टीलचं नाणं 22 मिलिमीटर, 3.79 ग्रॅम, 2011 चा रुपया 22 मिलिमीटर, 3.79 ग्रॅम. त्याहून जुन्यातही तेच. 1983 पासूनचा तांबे-निकेलचा रुपया 26 मिलिमीटर, 6 ग्रॅम आणि 1992 पासूनचं अकरा कोनांचं दोनाचं नाणंही 26 मिलिमीटर, 6 ग्रॅम. ज्याने कोणी हे ठरवलं त्याला एकदा महिनाअखेरीस खिडकीत बसवायला हवं होतं.

2019 ची मालिका आली तेव्हा दृष्टिहीनांना हाताने ओळखता यावी म्हणून आकार पायरीपायरीने वाढवत नेले: रुपया 20 मिलिमीटर, दोन 23, पाच 25, दहा 27, आणि वीसही 27 पण बारा कोनांचं. मालिका म्हणून उत्तम. पण जुनी नाणी चलनातून गेली नाहीत, त्यामुळे गल्ल्यात सगळी खिचडी झाली. व्यासावर निवडणाऱ्या यंत्राच्या 25 मिलिमीटरच्या खाचेत आता तीन मूल्यं पडतात: जुना रुपया, 2011 चं दोनाचं आणि 2019 चं पाचाचं. 23 च्या खाचेत नवं दोनाचं आणि जुनं पाचाचं. 27 मध्ये दहा आणि वीस. अशा यंत्राने काढलेल्या बेरजेवर रोखपालाने विश्वास का ठेवावा?

यावरची तोड सोपी आहे आणि तिला यंत्र लागत नाही. 25 मिलिमीटरच्या स्टीलच्या नाण्यावर ₹ हे चिन्ह असेल तर ते दोनाचं. नसेल तर रुपया. 22 मिलिमीटरच्या नाण्यावर ₹ असेल तर रुपया. नसेल तर पन्नास पैसे. हे चिन्ह 2010 च्या जुलैत ठरलं आणि 2011 च्या मालिकेपासून नाण्यांवर आलं, म्हणून ही खूण चालते. आकडा वाचण्यापेक्षा चिन्ह बघणं जलद पडतं. अंगठा वर केलेल्या हाताचा रुपया आणि त्याआधीचे रुपये यांवर चिन्ह नाही, आणि ज्ञानेश्वरांच्या रुपयावरही नाही. नाणी एका ताटात, चिन्हाची बाजू वर, अशी पसरली की डोळा बसलेला माणूस शंभर नाणी बघता बघता वेगळी करतो.

चुंबकही हाताशी असावा. स्टीलचा रुपया आणि स्टीलचं दोनाचं नाणं चुंबकाला चिकटतं. तांबे-निकेलची जुनी नाणी आणि निकेल-पितळेचं सोनेरी पाचाचं नाणं चिकटत नाही. ढिगावरून चुंबक फिरवला की न चिकटलेल्यांत सोनेरी पाचाच्या जोडीला जुने जड रुपये, अकरा कोनी दोनाची आणि 9 ग्रॅमची जाड पाचाची नाणी उरतात. ही जाड पाचाची अलीकडे फार दिसत नाहीत. त्यातल्या तांब्या-निकेलची किंमतच आजच्या भावाने पाच रुपयांच्या वर जाते. नाणी वितळवणं गुन्हा आहे, हे आमच्यातल्याही काहींना पुनःपुन्हा सांगावं लागतं.

मूल्य वेगळं केलं म्हणजे काम झालं असं नव्हे. मालिकाही वेगळी करावी लागते, नाहीतर काटा खोटं बोलतो. समजा दोनाच्या शंभर नाण्यांच्या पिशवीत 80 नाणी 2011 च्या मालिकेतली आणि 20 नाणी 2019 ची, म्हणजे 4.07 ग्रॅमची आहेत. वजन भरेल साधारण 469 ग्रॅम. रोखपाल 485 धरून चालला तर त्याला तीन नाणी कमी वाटणार. तो पिशवी फोडणार, मोजणार, शंभर पूर्ण भरणार, आणि पुढच्या वेळी म्हणणार की वजनाचं काही खरं नाही. दोष काट्याचा नव्हता. उलट रुपयांच्या पिशवीत दोनाची दहा नाणी चुकून गेली तर काटा बरोबर 485 दाखवणार, सगळे खूश, आणि दहा रुपये भरणाऱ्याच्या खिशातून गेलेले. दोनाच्या पिशवीत रुपये गेले की हेच नुकसान बँकेचं.

म्हणून आम्ही पिशव्या करतो त्या मूल्य आणि मालिका पाहून, प्रत्येकी शंभर नाण्यांच्या. त्यांची वजनं तुमच्या काउंटरच्या काचेखाली लावून ठेवण्याजोगी आहेत. रुपया: 2019 चा 309 ग्रॅम, 2011 चा 379, त्याआधीचा स्टीलचा 485. दोन रुपये: 2019 चं 407, 2011 चं 485, अकरा कोनी 600. पाच रुपये: 2019 चं 674, त्याआधीचं सोनेरी 600, जाड तांबे-निकेलचं 900. दहा रुपये: जुनं 771, 2019 चं 774. वीस रुपये: 854. 2011 च्या आधीच्या काही वर्षांतलं मोठं गोल स्टीलचं दोनाचं नाणं मात्र आम्ही वजनावर देत नाही. त्याचे प्रकार एकापेक्षा जास्त आहेत, ते मोजूनच घ्या. दहाच्या नाण्यांत जुनी-नवी वेगळी करण्याची गरज नाही. शंभरात सगळा मिळून तीन ग्रॅमचा फरक, तर एक नाणंच पावणेआठ ग्रॅमचं. चूक लपत नाही.

पिशवी शंभराचीच का, हजाराची का नको, असं कोणी विचारतं. नाणी झिजतात. टांकसाळीतूनही प्रत्येक नाणं काट्यावर तंतोतंत उतरत नाही. समजा जुने रुपये सरासरी अर्धा टक्का झिजले आहेत. शंभरांत ही तूट 2.4 ग्रॅमची, म्हणजे अर्ध्या नाण्याएवढी. नाणं कमी आहे की नाही हे काटा अजून सांगू शकतो. हजारांत तीच तूट 24 ग्रॅमची, म्हणजे पाच नाण्यांची. मग कमी भरलेलं वजन झिजेमुळे की खरोखर पाच नाणी कमी आहेत म्हणून, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. एका वेळी एकच पिशवी काट्यावर ठेवायची, दहा एकदम नाहीत.

काटा एका ग्रॅमपर्यंतचा फरक दाखवणारा पुरतो. स्वयंपाकघरातला पाच किलोपर्यंतचा डिजिटल काटा हे काम करतो आणि त्याची किंमत मामुली असते. "आमच्याकडे काटा नाही" हे सोनेतारण कर्ज देणाऱ्या शाखेत ऐकलं की हसू येतं. वजनात दोन ग्रॅमपर्यंत कमी-जास्त धरावं. त्याहून जास्त फरक पडला तर ती पिशवी बाजूला ठेवून मोजावी, वाद घालू नये. वजन जास्त भरत असेल तर बहुतेक वेळा नाणी ओली असतात किंवा त्यांना काही चिकटलेलं असतं.

चिकटण्यावरून आठवलं. देवळाच्या पेटीतून आलेल्या नाण्यांना हळद, कुंकू, तेल, मेण लागलेलं असतं. अशी नाणी दोन-दोन एकमेकांना चिकटतात आणि मोजताना एक धरली जातात. ती साबणाच्या कोमट पाण्यात खळबळून, चाळणीत निथळून, कापडावर पसरून पूर्ण वाळवावीत. दमट नाणी प्लास्टिकच्या पिशवीत बांधली तर आठवडाभरात सोनेरी पाचावर काळे डाग पडतात. चिंच, लिंबू, पितांबरी यातलं काही लावू नये. नाणं चकाकतं खरं, पण पृष्ठभाग खाल्ला जातो. संग्राहकासाठी असं नाणं मेलेलं असतं आणि बँकेला त्या चकाकीचा उपयोग शून्य.

पिशवी बांधण्यातही चुका होतात. स्टेपलच्या पिना लावू नका; पिशवी फोडताना पिन नाण्यांत पडते आणि मोजणी यंत्रात जाऊन बसते. चिकटपट्टीचा डिंक नाण्याला लागतो. गाठ मारावी किंवा रबर लावावं. वर्तमानपत्राच्या कागदाच्या पुंगळ्या तर अजिबात नकोत. पुंगळीच्या दोन टोकांची नाणी दिसतात, मधली दिसत नाहीत, आणि मधे कुणी पन्नास पैसे किंवा वॉशर भरले असतील ही रोखपालाची शंका अनाठायी नसते. पिशवी पारदर्शक असावी, आत एक चिठ्ठी असावी: मूल्य, मालिका, संख्या, रक्कम, वजन. चिठ्ठीवर खाते क्रमांक लिहू नये. पिशवी पुढे कोणाकडे जाईल सांगता येत नाही.

भरण्याआधी काढून टाकायच्या गोष्टीही असतात. 25 पैसे आणि त्याखालची नाणी 30 जून 2011 पासून चलनात नाहीत. नेपाळची, आखाती देशांची, श्रीलंकेची नाणी मुंबई-ठाण्याच्या गल्ल्यात सापडतातच. दहाच्या नाण्यात आतलं आणि बाहेरचं कडं सुटं झालेलं असेल तर ते वेगळं दाखवावं, पिशवीत लपवू नये. आणि दहाच्या नाण्यांबद्दल एक गोष्ट तुमच्या कर्मचाऱ्यांपर्यंतही पोचवा: ₹ चिन्ह असलेलं-नसलेलं, दहा किरणांचं-पंधरा किरणांचं, सगळी खरी. रिझर्व्ह बँकेने 17 जानेवारी 2018 ला 14 वेगवेगळ्या छापांची दहाची नाणी वैध असल्याचं जाहीर केलं होतं. दुकानदार ते नाकारतो कारण त्याने कुठेतरी ऐकलेलं असतं की बँक घेत नाही. काउंटरवर एकदा झालेला नकार बाजारात वर्षभर फिरतो.

आमच्याकडून तुम्हाला मिळेल ते असं. पगार-पेन्शनच्या पहिल्या दहा दिवसांत, सुट्टीनंतरच्या दिवशी, शाखा उघडताना किंवा रोकड बंद व्हायच्या तासाभरात आम्ही चिल्लर घेऊन येणार नाही. आदल्या दिवशी फोन करून रक्कम आणि पिशव्यांची संख्या सांगू. एका खेपेला दहा पिशव्या ठीक. दहाच्या नाण्यांच्या असतील तर ते दहा हजार रुपये आणि पावणेआठ किलो वजन, एका माणसाला उचलता येतं. जुन्या रुपयांच्या दहा पिशव्या म्हणजे फक्त हजार रुपये आणि पाच किलो, त्यामुळे रकमेवर मर्यादा घालण्यापेक्षा पिशव्यांच्या संख्येवर घाला. पे-इन स्लिपवर "नाणी" असा एकच आकडा न लिहिता मागच्या बाजूला मूल्यवार फोड देऊ. मोजणी होईपर्यंत खिडकीसमोर थांबू, आणि तूट निघाली तर तिथल्या तिथे भरू. नाणी घेताना व्यापारी असल्याची बतावणी करून पोतं उचलणार नाही. एका वेळी पोत्याहून जास्त नाणी घाऊक ग्राहकाला देण्याची सोय धंद्यासाठी आहे, छंदासाठी नाही. आमच्यातले जे असं करतात ते बाकीच्यांची दारं बंद करतात.

आणि परतीचं पहिलं दार तुमचं नसेल. चाळलेली नाणी आधी किराणावाले, भाजीवाले, एसटीचे वाहक, झेरॉक्सवाले यांना शंभरच्या पिशव्यांत देऊन बदल्यात नोटा घ्यायच्या, असं आम्ही आपसात ठरवलंय. त्यांना मोड हवीच असते. दोन आणि पाचाच्या पिशव्या तिथेच संपतात. बँकेपर्यंत येतात ते मुख्यतः रुपये, कारण रुपयाला आता दुकानदारही फारसा विचारत नाही.

तुमच्याकडून मागणं मोठं नाही. शाखेने आठवड्यातला एक वार आणि दोन तास नाण्यांसाठी ठेवावेत आणि तो फलक दर्शनी लावावा. पिशव्या सगळ्या वजनावर तपासाव्यात आणि दहांतली एक, तुम्ही निवडाल ती, फोडून मोजावी. ती बरोबर निघाली तर बाकीच्या वजनावर घ्याव्यात. चुकली तर सगळ्या मोजाव्यात, आमची हरकत नाही. नाणी हाताळण्याचं काही शुल्क असेल तर ते फलकावर लिहिलेलं असावं, खिडकीत ठरू नये. नकार द्यायचा असेल तर कारणासकट लेखी द्यावा. असा कागद मागितला की नकार बहुतेकदा विरघळतो, हा सगळ्यांचाच अनुभव. पण कागद मिळाला नाही तर तक्रार आधी बँकेकडे करावी लागते, तीस दिवस वाट पाहावी लागते आणि मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावं लागतं. पाच किलो रुपयांसाठी हा खटाटोप ना तुम्हाला परवडत ना आम्हाला.

चेस्टच्या अधिकाऱ्यांना वेगळं सांगायचंय. आलेल्या पिशव्या चेस्टकडे न पाठवता शाखेनेच मोड मागणाऱ्या दुकानदारांना दिल्या तर त्यात सगळ्यांचा फायदा. पिशवी आधीच शंभराची, वजन लिहिलेली, मालिका वेगळी केलेली असते. ती न फोडता पुढे जाऊ शकते. चेस्टला मिळालेल्या प्रोत्साहन रकमेचा वाटा जोडलेल्या शाखांना त्यांनी वाटलेल्या नाण्यांच्या प्रमाणात द्यायचा असतो. हा वाटा शाखेपर्यंत खरोखर पोचतो का, हे एकदा तपासा. रोखपालाला त्यातलं काही दिसलं तर त्याचा चिल्लरीकडे बघण्याचा चेहरा बदलेल. 2023 मध्ये शिर्डीच्या साईबाबा संस्थानाची नाणी ठेवायला बँकांकडे जागा उरली नाही, ही बातमी राज्यभर गाजली. तिथे नाण्यांचे डोंगर आणि त्याच जिल्ह्यातल्या दुकानात सुट्ट्यांऐवजी चॉकलेट. टंचाई आणि अडगळ एकाच वेळी असेल तर अडचण नाण्यांच्या संख्येत नसून त्यांना पुढे सरकवण्यात आहे. यूपीआयने पैसे घेऊन नाणी देणारी क्यूआर यंत्रं 2023 मध्ये 12 शहरांत चाचणीसाठी जाहीर झाली, ती चांगलीच गोष्ट. पण ती यंत्रं भरायलाही निवडलेली, एका मापाची नाणीच लागणार.

कळावे,
नाणी चाळून परत करणारे

ता. क. पन्नास पैशांचं नाणं अजून वैध आहे. ते घ्यायला कोणी तयार नसतं, म्हणून आम्ही त्याच्या पिशव्या वेगळ्या करून ठेवतो: जुन्या 22 मिलिमीटरच्या शंभर नाण्यांचं वजन 379 ग्रॅम, रक्कम पन्नास रुपये. पिशवी हातात घेऊन ती 2011 च्या रुपयांची आहे असं वाटलं तर आतली चिठ्ठी वाचा, आणि चिठ्ठीवर विश्वास नसेल तर ₹ शोधा.